नियमाच्या माणसाचं झाड

रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी तो थांबायचा. गाडी चालवताना सगळेच थांबतात, हा पायी चालताना थांबायचा. अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या आयसेलिन गावात ओक ट्री रोडच्या मागच्या गल्लीत आम्ही राहायचो. कोपऱ्यावर स्टॉपची लाल पाटी होती. हा बाबा दोन्ही हातांत किराणाच्या पिशव्या घेऊन पाटीपाशी यायचा, पाय जुळवायचा, डावीकडे बघायचा, उजवीकडे बघायचा, पुन्हा डावीकडे, आणि मगच पाऊल टाकायचा.

मी म्हणायचो, "अहो, ती पाटी मोटारींना आहे."

"नियम आहे, दादा. मोटारीत बसला काय आणि पायी चालला काय, माणूस तोच ना?"

याला काय उत्तर द्यायचं ते तुम्हीच सांगा.

त्याचं नाव मी सांगणार नाही. का, ते पुढे वाचलं की कळेल. तोंडावर आम्ही एकमेकांना शेवटपर्यंत अहो-जाहोच केलं. पण मनात तो मला कायम 'तो'च होता, म्हणून इथेही तसंच लिहितो.

मी इचलकरंजीचा. मागावर काम केलेला माणूस. शाळा सातवीपर्यंत, पुढे मास्तर दमले. बायकोचा धाकटा भाऊ इकडे इंजिनियर होता. त्याने बहिणीला बोलावून घेतलं आणि बहिणीबरोबर सामानासारखा मीही आलो. प्लास्टिकच्या बाटल्यांच्या फॅक्टरीत लागलो. माग काय आणि बाटल्या काय, कान बधिर व्हायचे ते होतातच. मूलबाळ नव्हतं. दोघांचं बरं चाललं होतं.

तो आमच्या डोक्यावरच्या मजल्यावर. साताऱ्याचा, बी.कॉम. झालेला, एका इन्शुरन्स कंपनीत कारकून. लग्न केलेलं नव्हतं. का केलं नाही म्हणून बायकोने एकदा विचारलं, तर म्हणाला, "जमवत होते वहिनी, पण दरवेळी काहीतरी नियमात बसायचं नाही." साताऱ्याला त्याची एकच बहीण. विधवा, एकटी. तिला इकडे आणायचं हा त्याचा ध्यास. त्यासाठी आधी आपण सिटिझन व्हायला हवं, म्हणून अर्ज करून बसला होता. दोन खोल्यांचा फ्लॅट, त्यातली एक त्याने बहिणीसाठी ठेवलेली. पलंग, घडी घातलेली चादर, भिंतीवर कॅलेंडर, कोपऱ्यात देव. दर जानेवारीत कॅलेंडर बदलायचा. त्या खोलीत कोणी झोपत नव्हतं.

मग माझ्या बायकोच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, औषधाच्या सुया सुरू झाल्या. केस गेले त्याचं तिला काही वाटलं नाही. म्हणाली, तेलाचा खर्च वाचला. पण खाणं बंद झालं. भाताचा वास आला तरी उलटी. शेजारच्या घरात कुणी कांदा चिरला तरी हिला इकडे उमळून यायचं. डॉक्टरांनी सांगितलं, वजन वाढलं नाही तर पुढच्या सुया देता येणार नाहीत, शरीर झेपणार नाही. आणि सुया थांबल्या की काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

एक नर्स होती, जाडजूड, गोरी, मायाळू. तिने मला कॉफीच्या मशीनजवळ गाठलं आणि इकडेतिकडे बघत म्हणाली, काही पेशंट गांजा ओढतात, त्याने उलटी थांबते, भूक लागते. पण हे मी सांगितलंय असं कुणाला म्हणू नका.

मी घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे भांगेचं भावंडच की. शिवरात्रीला माझे काका प्यायचे आणि पातेलंभर खीर खायचे. पण विडी ओढायला मला सांगू नका. शोभेल का?"

पुढच्या रविवारी लाँड्रीत कपडे फिरत होते, तेव्हा मी हे त्याला गंमत म्हणून सांगितलं. तो हसला नाही. मशीनच्या काचेकडे बघत बसला. शेवटी म्हणाला, "नियमात बसत नाही." आणि चादरीच्या घड्या घालायला लागला. मीही विषय सोडला.

काही आठवडे गेले. एका संध्याकाळी तो खाली आला. चेहरा असा, की वाटलं याच्या घरात कुणी गेलं. "दादा, जरा वर या. चपला काढून या."

बहिणीच्या खोलीतलं भिंतीतलं कपाट त्याने उघडलं. आत डोळे दिपले. दोन ट्यूबलाइटा, भिंतींना स्वयंपाकघरातली चंदेरी पन्नी चिकटवलेली, आणि मध्ये दह्याच्या मोठ्या डब्यात वीतभर रोप. पंजासारखी पानं. डब्याला हळदकुंकू.

"हे काय?" मी विचारलं. दिसत होतं तरी विचारलं.

"तेच."

"आणि नियम?"

"बसत नाही," तो म्हणाला. "मी सगळ्या बाजूंनी विचार केला. कुठूनच बसत नाही." आणि त्याने कपाटाचं दार अलगद लावलं, झोपलेल्या पोराच्या खोलीचं लावतात तसं.

बिया त्याने आणल्या होत्या ऑफिसात टपाल वाटणाऱ्या एका अमेरिकन माणसाकडून. लांब केस, मागे शेंडी बांधलेली, व्हिएतनामच्या लढाईवरून आलेला. याने त्याला थँक यू म्हटलं. पावती मागितली नाही एवढंच.

आता सांगतो, या माणसाने आयुष्यात कधी मेथीसुद्धा पेरली नव्हती. झाडांचं त्याला एकच शिक्षण होतं, आईची तुळस. म्हणून तो या झाडाचंही तुळशीसारखंच करायचा. सकाळी आंघोळ, मग देवपूजा, मग ओलेत्याने एक तांब्या पाणी झाडाला. पहिली दोन रोपं त्या तांब्यानेच गेली, मान टाकून. हे तिसरं. टपालवाल्याने त्याला सांगितलं होतं, बाबा, रोज एवढं पाणी नको. पण आंघोळ करून झाडाला पाणी न घालता चहा घ्यायचा, हे त्याच्याच्याने होईना. चिकटलेली सवय ती.

झाड वाढलं तसा वास सुटायला लागला. उग्र, घाणेरडा. तो घाबरला. शेजारी काय म्हणतील? मग त्याने उदबत्त्या लावल्या. उदबत्तीने भागेना म्हणून धूप. धुपाने भागेना म्हणून रोज संध्याकाळी कढईत तेल, मोहरी, हिंग, लसूण. नुसती फोडणी. त्यात घालायला काही नसायचं. सगळ्या बिल्डिंगला वाटायचं वर रोज लग्नाची पंगत उठतेय. समोरच्या गुजराती बाईने मला विचारलं, "ऊपर वाले भाईसाब कॅटरिंग करतात का?"

बायको खाली पडल्या पडल्या हसायची. "भाऊजींच्या फोडणीने मला उलटी होते आणि ते फोडणी करतात माझी उलटी थांबावी म्हणून. काय बाई दोघांचं डोकं!" दोघांचं म्हणजे माझंही त्यात आलं.

टपालवाल्याने सांगितलं होतं, आता फुलं येतील, जे काही आहे ते फुलांत आहे. आणि फुलं आली. फांद्यांच्या शेंड्यांना हिरवे, चिकट तुरे. मी बघून आलो आणि बायकोला म्हणालो, आठ-पंधरा दिवस फक्त.

दोन दिवसांनी तो खाली आला तो छाती फुगवून. इतका खूश मी त्याला कधी पाहिला नव्हता.

"मंजिऱ्या आल्या होत्या," तो म्हणाला. "सगळ्या खुडल्या. आता बघा कसं फोफावतं ते."

मी बघतच राहिलो. "सगळ्या?"

"एकसुद्धा ठेवली नाही. आई सांगायची, मंजिऱ्या ठेवल्या की तुळस वाळते."

"अहो देवमाणसा, तीच पाहिजे होती ना! फुलं!"

त्याचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येणार नाही. तो खुर्चीत बसला. मी विचारलं, कुठे आहेत, कचऱ्यात असतील तर आत्ता काढू. तो म्हणाला, "कचऱ्यात कशी टाकीन? हळदकुंकू वाहिलेलं झाड ते. निर्माल्य केलं." पार्कमधल्या ओढ्यात जाऊन त्याने ती सगळी फुलं हात जोडून सोडून दिली होती. भर दुपारी. पुलावर एक पोलीस उभा होता. त्याने विचारलं, काय टाकताय? याने सांगितलं, "रिलिजस फ्लॉवर्स, सर." पोलिसाने टोपीला हात लावला आणि म्हणाला, "हॅव अ ब्लेस्ड डे." म्हणजे न्यू जर्सीत राहून, आयुष्यभर पाटीपाशी थांबणाऱ्या माणसाने, पोलिसाच्या समोर, पोलिसाच्या आशीर्वादाने गांजा ओढ्यात सोडला.

आतल्या खोलीतून आवाज आला. मला वाटलं बायकोला परत उमळतंय. धावत गेलो. ती हसत होती. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. किती दिवसांनी! "भाऊजी," ती म्हणाली, "खालचे मासे आता जेवण मागत असतील हो!"

तो दारात उभा. रडावं की हसावं, कळत नव्हतं. मग तोही हसला. आणि मी, जो त्याला दोन शिव्या घालणार होतो, तोही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात टपालवाल्याने डोकं धरलं म्हणे. पण झाड मेलं नाही, खालच्या फांद्यांना परत फुटेल, थांब, असं तो म्हणाला. हा थांबला. यावेळी कपाटाला कुलूप घातलं, आणि आपल्याच हातांचा भरवसा नाही म्हणून किल्ली माझ्या बायकोच्या उशाखाली आणून ठेवली. पाणी घालायचं असलं की खाली येऊन किल्ली मागायचा. "वहिनी, कपाट उघडू?" "खुडणार नाही ना?" "शपथ." रोजचा कार्यक्रम. तेवढ्यापुरती ती उठून बसायची.

पाणी मात्र कमी झालं नाही. एक दिवस आमच्या बाथरूमच्या छताला ओल आली. मी त्याला म्हटलं, तुमचा तांब्या माझ्या डोक्यावर टपकायला लागला. तो म्हणाला बघतो. आणि याने काय केलं असेल? सुपरला फोन केला! बिल्डिंगची देखभाल करणारा माणूस, त्याला इकडे सुपर म्हणतात. मी कपाळावर हात मारून घेतला. तर म्हणतो, "गळती कळवायची असते, दादा. घरभाड्याच्या करारात लिहिलंय. पण तो आत येऊन बघेल हे डोक्यातच आलं नाही."

सुपर आला, पोलंडचा म्हातारा, ओठांत विझलेली सिगारेट. आमचं छत बघून सरळ वर. मी मागे. बहिणीच्या खोलीत ओल कपाटाखालीच होती. "ओपन इट," तो म्हणाला. कुलूप होतं. किल्ली खाली. पण कपाटाच्या दाराखालून उजेडाची पट्टी येत होती आणि वास काय लपतो?

"काय आहे आत?" सुपरने विचारलं.

माझ्या डोळ्यांसमोर सगळं आलं. पोलीस, कोर्ट, आणि त्याचा अर्ज. सातारची बहीण. कॅलेंडर. मी त्याच्या पायावर पाय दिला. काहीही सांग, लोणची सांग, कपडे सांग.

तो ताठ उभा राहिला. पांढराफटक. "सर, आय विल नॉट लाय. आत जे आहे ते..."

"माय मेडिसिन," मागून आवाज आला.

बायको. जिना चढून आली होती. कशी आली देव जाणे, एरवी तिला मोरीपर्यंत मी धरून न्यायचो. डोक्याला माझा मफलर गुंडाळलेला, एका हाताने चौकट धरलेली, दुसऱ्या हातात किल्ली. तिला इंग्रजी येत होतं ते दुकानापुरतं. ती म्हणाली, "माय मेडिसिन. हिज हाउस. ही माय ब्रदर." आणि तिने स्वतः कुलूप काढलं.

सुपर बघत राहिला. झाडाकडे, कुंकवाकडे, पन्नीकडे, मग तिच्या मफलरकडे. तिथेच त्याची नजर थांबली. त्याने डोक्यावरची टोपी काढली. मग तिला म्हणाला, "तुझ्या भावाला सांग, पाणी फार घालतो. मुळं कुजतील." खाली येऊन त्याने आमचं छत पुसलं, रंगवलं, आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

फुलं आली. थोडीच, पहिल्यासारखी नव्हती. बायकोने आपल्या हाताने ती तुपात घातली, काकांची आठवण काढत, आणि चमचाभर दुधात घेतली. तो आमच्या दाराबाहेर पायरीवर बसून राहिला, डॉक्टर यायची वाट बघावी तसा. आत काय चाललंय म्हणून दर थोड्या वेळाने खोकायचा. मी म्हटलं, तुम्ही पण घ्या की घोटभर, एवढं वाढवलंत. तर म्हणाला, "छे! नियमात बसत नाही."

काही वेळाने आतून हाक आली. "अहो, पीठ आहे का? भाकरी टाका."

मी भाकरी टाकली. जाड, वाकडी, एका बाजूने करपलेली. तिने ती पिठल्याशी खाल्ली. मग दुसरी मागितली. ती पण खाल्ली, आणि म्हणाली, "भाकरी घाण झालीय." असं सुख मला आयुष्यात दुसऱ्या कशाने झालेलं नाही. बाहेर जाऊन त्याला सांगितलं. त्याने मान हलवली, उठला, आणि वर गेला. जिन्यावर त्याचं नाक ओढल्याचं ऐकू आलं.

वजन वाढलं. सुया पुऱ्या झाल्या. झाड त्याने संपवलं, पन्नी काढली, कपाट धुतलं.

मग त्याला सिटिझनशिपच्या मुलाखतीला बोलावणं आलं. न्यूअर्कला. मीच गाडीतून घेऊन गेलो. इतक्या वर्षांचं स्वप्न ते. मी बाहेर बसलो. तो इतक्या लवकर परत आला की मला वाटलं काही कागद विसरला.

"काय झालं?"

"गाडीत सांगतो."

गाडीत म्हणाला, "राष्ट्राध्यक्ष किती विचारले, सांगितले. झेंड्याचं विचारलं, सांगितलं. मग साहेबाने विचारलं, ज्यात पकडला गेला नाहीस असा काही गुन्हा केला आहेस का?"

"अहो, ते सगळ्यांना विचारतात! सगळे नो म्हणतात!"

"म्हणू देत."

"मग तुम्ही काय, येस म्हणालात?"

"येस म्हटलं तर विचारणार, काय केलं, कुणासाठी केलं. वहिनींचं नाव त्या ऑफिसात कशाला? मी म्हटलं, सर, मी अर्ज मागे घेतो."

मी गाडी कडेला लावली. मी अडाणी माणूस, मला गोड बोलता येत नाही. म्हणालो, "मूर्ख आहात तुम्ही."

"असेन," तो म्हणाला. "इंडिकेटर नाही लावलात तुम्ही."

घरी बायको त्याच्यावर संतापली. "माझ्यापायी बहिणीला तोंडघशी पाडलंत! काय सांगणार तिला?"

"सांगितलं. आल्या आल्या वर जाऊन फोन केला."

"मग?"

"म्हणाली, बरं झालं. मला कुठे यायचं होतं तिकडे? थंडी असते, आणि शेजारीण नाही." तो थोडा ओशाळला. "एवढी वर्षं मी खोली मांडून बसलो, पण तिला विचारायचं राहूनच गेलं होतं."

बायकोने तोंडाला पदर लावला. हसू लपवायला.

"मग आता?"

"ती येत नाही, तर मी जातो. अंतर तेवढंच." बायको काही बोलणार, तर तिला थांबवून म्हणाला, "वहिनी, तुम्ही भाकरी खाल्लीत ना? मग विषय संपला."

दिवाळीच्या आधी तो गेला. पलंग आम्हाला दिला. वर एक तरुण जोडपं राहायला आलं, त्यांची पोरं दिवसभर डोक्यावर नाचायची. फोडणीचा वास मात्र यायचा नाही.

बायकोला त्यानंतर आणखी दोन वर्षं मिळाली. चांगली वर्षं. दोन भाकऱ्यांची. मग ते दुखणं परत आलं आणि यावेळी घेऊन गेलं. त्याबद्दल मी लिहिणार नाही. रडगाणं गायला बसलेलो नाही.

तिचे दिवस झाल्यावर पाहुणे गेले, मेव्हणा गेला. एका रविवारी सकाळी फोन वाजला. साताऱ्याहून. तिकडे संध्याकाळ. एसटीडीच्या बूथमधून तो बोलत होता, मागे गलका, रिक्षांचे हॉर्न. मी हॅलो म्हटलं. त्याने हॅलो म्हटलं.

मग त्याने विचारलं, "जेवलात का?"

"नाही."

"काल?"

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"घरात काय आहे?"

"भात आहे. मेव्हण्याची बायको ठेवून गेलीय."

"घ्या ताटात. जेवा. मी थांबतो."

"अहो, परदेशचा फोन आहे! मीटर पळतोय!"

"पळू दे. जेवा."

मी भात घेतला. गार होता. वरून तूप घेतलं. रिसीव्हर ताटाशेजारी टेबलावर ठेवला, तोंड वर करून. पहिला घास घेतला. रिसीव्हरमधून त्याचा आवाज येत होता, बारीक, लांबचा. मागे कुणीतरी त्याच्यावर ओरडत होतं, अहो काका, लाइन आहे मागे, किती वेळ, नुसतं धरून उभे आहात. आणि तो त्यांना सांगत होता, "थांबा जरा. माझा माणूस जेवतोय."